प्रार्थनास्थळं वेगळी, प्रश्न एकच: सर्वधर्मीय गटाने नागरी कामाला कसं लागावं

सर्वधर्मीय गट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं. वेगवेगळ्या वेशातले चार-पाच धर्मगुरू, शांततेवरची भाषणं, शेवटी हातात हात घालून काढलेला फोटो. अशा कार्यक्रमांना माझा विरोध नाही. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक धर्म परिषदेपासून ही परंपरा चालत आली आहे. दुसऱ्या धर्माचं म्हणणं त्याच धर्माच्या माणसाच्या तोंडून ऐकायची संधी तिने कितीतरी लोकांना पहिल्यांदा दिली. पण कार्यक्रम उरकला की माणसं आपापल्या घरी जातात. वस्तीतलं दूषित पाणी, अर्ध्यात शाळा सोडलेली मुलं, व्यसनात अडकलेले तरुण, महिनोन्‌महिने थकलेले पगार, सगळं होतं तिथेच राहतं. फोटोच्या पुढे जाऊन काही करावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. धर्मावर बोलण्यासाठी एकत्र येऊ नका, एखाद्या प्रश्नावर काम करण्यासाठी या. आणि तो प्रश्न सुटल्यावरही टिकेल असा गट बांधा. संकट आल्यावर नव्हे, सगळं ठीक चाललेलं असताना.

यामागे नुसती भावना नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांची जोड्या लावून तुलना केली. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही शहरांत हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर वारंवार पेटणारं आणि दुसरं बहुतांशी शांत. उत्तर प्रदेशातलं अलिगड आणि केरळातलं कालिकत (कोझिकोड) ही त्यांतली एक जोडी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष नवख्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. शेजारी एकमेकांकडे जातात, मुलं एकत्र खेळतात, सणाला शुभेच्छा दिल्या जातात, एवढ्याने मोठ्या शहरातली हिंसा अडत नाही. कामगार संघटना, व्यापाऱ्यांचे संघ, वाचनालयं, व्यावसायिकांच्या संस्था यांत दोन्ही समाजांची माणसं जिथे नियमित एकत्र काम करत होती, तिथे तणावाच्या वेळी अफवा खोडणारे आणि प्रशासनाला वेळेवर माहिती देणारे लोक आधीपासून तयार होते. ओळख आणि संघटना यांत हा फरक आहे.

भिवंडीचं उदाहरणही याच जातीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे लोक नेमाने भेटत, किरकोळ तक्रारी तिथल्या तिथे मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगल भडकल्यावर घाईघाईने नेमलेल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या.

आधी ऐकायचं, मग बोलवायचं

नवा उत्साह असतो तेव्हा पहिली गोष्ट सुचते ती सगळ्या धर्मप्रमुखांना एकत्र बोलवायची. ते करू नका. अशा बैठकीत प्रत्येक जण आपल्या समाजाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून बोलतो, चांगलं तेच बोलतो आणि कामाचं काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी दोन-तीन समविचारी माणसं मिळून एकेकाला त्याच्या जागी जाऊन भेटा. निदान तीस जणांशी सावकाश बोलणं झाल्याशिवाय पहिली बैठक ठेवू नका.

भेटीत 'धार्मिक सलोख्याबद्दल तुमचं काय मत आहे' असं विचारू नका, सगळे एकच उत्तर देतील. विचारायचं ते असं: गेल्या महिन्यात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? त्यासाठी कुणाकडे गेलात? तिथे काय झालं? तुमच्या लोकांत असं कोण आहे, ज्याच्या शब्दावर चार माणसं उठून येतात? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मंडळाच्या कागदावर अध्यक्षाचं नाव असतं, पण आजारपणात रात्री कुणाचं दार वाजवलं जातं ते या प्रश्नातून कळतं.

कुणाला भेटायचं? धर्मगुरूंना भेटाच, त्यांना वगळून गेलात तर पुढे दारं बंद होतात. पण तेवढ्यावर थांबू नका. प्रार्थनास्थळाचे हिशोब ठेवणारे, तिथे झाडलोट करणारे, मुलांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, तरुणांची टोळी जमवणारा एखादा, यांना वस्तीची नाडी जास्त ठाऊक असते. एका धर्मात एकच मत असतं असंही समजू नका. पंथ असतात, भाषा वेगळ्या असतात, जुने रहिवासी आणि नव्याने आलेले असा भेद असतो. एकाच गटाच्या माणसाला बोलावून 'तो समाज आला' असं मानलंत तर उरलेले मुकाट्याने बाजूला होतात. कुठलाच धर्म न मानणारेही वस्तीत राहतात आणि त्यांच्या नळालाही तेच पाणी येतं. त्यांनाही भेटा.

दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी जाताना पादत्राणं, डोक्यावरचं वस्त्र, बसायची जागा, फोटो काढावा की नाही, हे आधी फोनवर विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. उलट विचारलं म्हणूनच पुष्कळदा मन मोकळं होतं.

प्रश्न निवडताना

या टप्प्यावर गट सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. गरिबी, बेरोजगारी, पर्यावरण हे विषय झाले. विषयावर परिसंवाद होऊ शकतो, काम होत नाही. 'या सहा गल्ल्यांत सकाळच्या पाण्याला वास येतो, कारण पाण्याची जुनी वाहिनी गटाराला लागून जाते' हा प्रश्न झाला. त्याला जागा आहे, कारण आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी आहे.

निवडीसाठी मी चार गोष्टी बघते. त्रास एकाहून जास्त समाजांना आहे का? निर्णय कोण घेतं हे नावानिशी सांगता येतं का? सहा महिन्यांत निदान एक डोळ्यांना दिसणारा बदल होऊ शकतो का? आणि ज्यांना त्रास आहे ते स्वतः काम करायला तयार आहेत का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकी तिन्ही 'हो' असूनही तो प्रश्न बाजूला ठेवा. लोकांच्या वतीने लढणारा गट लवकर दमतो.

ऐकण्यातून प्रश्न कसा सापडतो याचं लंडनमधलं उदाहरण मला फार पटतं. पूर्व लंडनमध्ये चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांची मिळून एक नागरी आघाडी होती. आईबापांशी बोलताना पुन्हापुन्हा एकच गोष्ट पुढे आली: किमान वेतनावर दोन-दोन नोकऱ्या करूनही घर भागत नाही आणि मुलांसाठी वेळच उरत नाही. ही तक्रार वरवर पाहता कुटुंबाची, खरं तर पगाराची. त्यातून २००१ मध्ये जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम सुरू झाली. सफाई कामगार, पाद्री, इमाम सगळे मिळून बड्या कंपन्यांच्या दारात गेले. २००५ मध्ये लंडनच्या महापौरांनी असं वेतन दरवर्षी ठरवणारा कक्ष स्थापन केला, आणि २०११ मध्ये या कामासाठी देशपातळीवर स्वतंत्र संस्था उभी राहिली. या सगळ्यात कुणी कुणाला धर्म समजावून सांगितला नव्हता. कुटुंबाला वेळ देता यावा ही इच्छा सगळ्यांच्या श्रद्धेत होतीच.

पहिल्या वर्षी धर्मस्थळांच्या जागेचे वाद, धार्मिक कायदे, मिरवणुकांचे मार्ग असले प्रश्न हाती घेऊ नका. गटाचं हाड अजून जुळलेलं नसतं. पण वर्षानुवर्षं फक्त सोपेच प्रश्न घेणारा गटही मला अपुरा वाटतो. बायकांना बैठकीत बोलू न देणं, एखाद्या जातीला किंवा स्थलांतरितांना भाड्याने घर न देणं, अशा गोष्टी आपल्याच माणसांकडून घडतात. विश्वास बसला की त्यांच्याकडेही वळायलाच हवं.

एकत्र बसण्याच्या अटी

पहिल्या बैठकीची वेळ ठरवण्याआधी सगळ्या धर्मांच्या प्रार्थनेच्या वेळा, उपासाचे दिवस आणि सण एका कागदावर लिहून काढा. एवढ्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने माणसं दुरावतात आणि कारणही सांगत नाहीत. जागा शक्यतो शाळा, वाचनालय अशी असावी. सगळ्यांची तयारी असेल तर आळीपाळीने एकेका प्रार्थनास्थळाच्या सभागृहात भेटावं. बायका येऊ शकतील अशी वेळ असेल तरच त्या येतील. त्यांना निमंत्रण दिलं होतं, एवढं पुरेसं नाही.

पहिल्या बैठकीतच चार नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गटाच्या कामातून कुणाचं धर्मांतर करायचा प्रयत्न होणार नाही. गटाच्या नावावर कुठल्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार होणार नाही. मदत गरज पाहून दिली जाईल, धर्म पाहून नाही. आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलायचं: 'आमच्याकडे असं करतात' हे चालेल, 'तुमच्यात असंच असतं' हे चालणार नाही. दुसरा नियम निवडणुकीच्या तोंडावर सगळ्यात आधी ताणला जातो, म्हणून तो आधीपासून कागदावर असलेला बरा.

सुरुवातीला प्रार्थना करायची की नाही, यावर बराच खल होतो. मिनिटभर शांत बसणं सगळ्यांना जमतं. किंवा दर बैठकीला एकाने आपल्या परंपरेतलं काही वाचावं आणि इतरांनी ते नुसतं ऐकावं. सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हणायचा आग्रह मात्र धरू नये. 'सगळे धर्म सारखेच' हे वाक्यही गटाची अट म्हणून लादू नका. कितीतरी श्रद्धाळू माणसांना ते मनापासून मान्य नसतं. आपला धर्म सोडा किंवा पातळ करा असं कुणी सुचवतंय असं वाटलं की ती माणसं निघून जातात. आणि नेमकी तीच माणसं गटात हवी असतात, कारण त्यांच्या समाजात त्यांच्या शब्दाला वजन असतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशातल्या बायकांपुढे हीच अडचण होती. २००३ साली यादवी युद्ध टोकाला गेलं असताना राजधानी मनरोव्हियातल्या ख्रिस्ती आणि मुस्लिम बायकांनी एकत्र यायचं ठरवलं, तेव्हा काही ख्रिस्ती बायकांना वाटत होतं की अशाने आपल्या श्रद्धेत भेसळ होईल. त्यांच्यातला फरक कुणी पुसला नाही. दोन्ही धर्मांच्या बायकांनी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केल्या आणि मागणी मात्र एकच ठेवली: युद्ध थांबवा. पांढरे कपडे घालून त्या दिवसचे दिवस उन्हापावसात मैदानात बसल्या. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडून वाटाघाटींना जाण्याचा शब्द घेतला. घानातल्या अक्रा शहरात बोलणी रेंगाळली तेव्हा काही जणी तिथे जाऊन सभागृहाची वाट अडवून बसल्या. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

पाहणी जोडीने करायची

गटाला गट बनवणारं काम कुठलं, असं मला विचाराल तर मी दारोदारची पाहणी सांगेन. दोघांची जोडी करायची, दोघं वेगळ्या धर्मांचे. एकाच्या ओळखीने इथलं दार उघडतं, दुसऱ्याच्या ओळखीने पुढचं. दिवसभर बरोबर चालताना, जिने चढताना जे बोलणं होतं ते कुठल्याही परिसंवादात होत नाही.

पाण्याचाच प्रश्न धरू. एका पानाचा तक्ता करा. घरात माणसं किती, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, रंग किंवा वास आहे का, साठवतात कशात, उकळतात का, गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला जुलाब झाले का, पाणी भरायला कोण उठतं. उत्तर देणाऱ्याचा धर्म विचारायचा रकाना ठेवू नका, पाण्याच्या प्रश्नाला त्याची गरज नाही आणि त्याने लोक बिचकतात. नाव द्यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा. पारदर्शक बाटलीत नमुना घेऊन त्यावर गल्ली, तारीख आणि वेळ लिहा. वासाच्या तक्रारी जिथे दाट आहेत तिथे हाताने काढलेल्या नकाशावर लाल खुणा करा. खुणा एका ओळीत आल्या तर वाहिनी कुठे फुटली असेल याचा अंदाज नकाशाच देतो. मग नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाटलीतल्या गढूळ पाण्याचा फोटो लोकांना हलवतो, अधिकाऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल हलवतो.

पाहणी झाल्यावर आकडे आधी वस्तीला सांगा, बाहेर नंतर. प्रत्येक प्रार्थनास्थळी, प्रार्थनेनंतर पाच मिनिटं मागून घेऊन, तेच आकडे तसेच्या तसे वाचून दाखवायचे. वाचणारी जोडी मिश्र असली तर उत्तम.

दाद मागायला जाताना

शिष्टमंडळ लहान ठेवा, पाच-सहा जणांचं. त्यात ज्यांना त्रास होतो त्या घरातली एक व्यक्ती हवीच, आणि सुरुवातीला तिनेच बोलावं. धर्मगुरू सोबत असावेत, पण पुढे नसावेत. मागणी एकच, लेखी, तारखेसह: 'अमुक तारखेपर्यंत या वाहिनीची तपासणी करून लेखी उत्तर द्यावं.' निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. बाहेर आल्यावर लगेच, विसरायच्या आत, कोण काय म्हणालं ते लिहून काढा.

पुढचं काम म्हणजे पाठपुरावा. दिलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी फोन, मग स्मरणपत्र, मग वरिष्ठांकडे. काम झालं तर जाहीर आभार माना, अधिकाऱ्याचं नाव घेऊन. नाही झालं तर शांततेने आणि कायद्याच्या चौकटीत दबाव वाढवा. एखाद्या समाजाचं राजकीय वजन जास्त असेल तर त्याला वापरून फक्त त्याच्या गल्लीचं काम करून घ्यायचा मोह होतो. अशा वेळी 'सगळ्या गल्ल्या किंवा कुणीच नाही' असं गटाने ठरवून सांगावं. माझ्या मते गटाची खरी कसोटी इथेच लागते.

श्रद्धेने जिथे वाट मिळते

काही प्रश्नांत धार्मिक समाजांकडे असं काही असतं जे सरकारकडे नसतं. लोक दर आठवड्याला त्यांच्याकडे आपणहून जमतात, आणि जन्म-मृत्यूच्या वेळी त्यांचं ऐकतात.

२०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली. २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली, ११,३०० हून अधिक दगावले. मृतदेहात विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं, आणि प्रेताला आंघोळ घालणं, स्पर्श करून निरोप देणं या विधींतून लागण पसरत होती. सुरुवातीला संरक्षक पोशाखातली पथकं येत आणि प्रेत पिशवीत घालून घेऊन जात. घरच्यांना आपलं माणूस कुठे पुरलं हेही कळेना. मग लोक आजारी माणसं लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. आरोग्याचे नियम बरोबर होते, पण त्यांत मेलेल्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची बूज राखलेली नव्हती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांशी सल्लामसलत करून सुरक्षित आणि सन्मानाने दफन करण्याची नवी पद्धत जाहीर केली. पथकाने आल्याबरोबर पोशाख चढवायचा नाही, आधी साध्या कपड्यांत घरच्यांना भेटायचं, सांत्वन करायचं, संमती घ्यायची. मुस्लिम मृतासाठी पाण्याच्या आंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे पाण्याविना शुद्धी, आणि कफन यांची सोय. प्रार्थनेला वेळ, कुटुंबाला सुरक्षित अंतरावरून हजर राहायची मुभा, कबरीवर खूण. इमाम आणि पाद्री यांनी आपापल्या लोकांना समजावलं की जीव वाचवण्यासाठी विधीत एवढा बदल धर्माला मंजूर आहे. हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला नव्हता. आणि विषाणू कसा पसरतो हे सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंना नव्हता. दोघांनी आपापली जागा ओळखली म्हणून वाट निघाली. तुमच्या गटात आरोग्याचा प्रश्न आला तर अशीच वाटणी करा: माहिती तज्ज्ञाची, ती पोचवणारा आवाज विश्वासातल्या माणसाचा.

उलटही घडतं, हे विसरू नका. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या काही राज्यांत पोलिओची लस थांबवली गेली, कारण तिने वंध्यत्व येतं अशी अफवा होती आणि काही धार्मिक नेत्यांनीच ती उचलून धरली होती. विषाणू तिथून इतर देशांत गेला. कानो राज्याने २००४ मध्ये मोहीम पुन्हा सुरू केली ती मुस्लिमबहुल इंडोनेशियात तयार झालेली लस आणल्यावर. पुढे नायजेरियातल्या मुस्लिमांचे धार्मिक प्रमुख मानले जाणाऱ्या सोकोतोच्या सुलतानांसह पारंपरिक आणि धार्मिक नेत्यांनी लसीकरणाचा भार उचलला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड रानटी (म्हणजे लसीतून न आलेल्या, निसर्गात आढळणाऱ्या) पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा अफवा सांगणाऱ्याची टर उडवू नका. त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, आणि त्या भीतीचं उत्तर शोधा.

तणावाच्या दिवसांसाठी

हे शांततेच्या काळात तयार करून ठेवायचं. प्रत्येक गल्लीतली दोन माणसं, त्यांचे फोन, कोण कुणाला कळवणार याची साखळी. मोबाईलवर काही भडक आलं तर पुढे पाठवायचं नाही, जिथे घडलं म्हणतात तिथल्या आपल्या माणसाला फोन करून खरं-खोटं करायचं, आणि मगच दोन ओळींचा खुलासा सगळ्या प्रार्थनास्थळांच्या गटांवर एकाच वेळी टाकायचा. खुलासा ज्या समाजाबद्दल अफवा आहे त्याच्या माणसाने एकट्याने करू नये. दोघांच्या नावाने गेला तर लोक थांबतात.

प्रत्यक्ष हिंसा सुरू झाली असेल तर मध्ये उभं राहून शौर्य दाखवायची जबाबदारी गटाची नाही. पोलिसांना कळवा, अडकलेल्यांना सुरक्षित जागी न्या, काय पाहिलं ते तारीख-वेळेसह नोंदवून ठेवा. घरातल्या मारहाणीच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत तर समेट घडवायला कधीही बसू नका, दोन्हीकडचे वडीलधारे कितीही म्हणोत. ती व्यक्ती प्रशिक्षित समुपदेशक, डॉक्टर आणि कायदेशीर मदत यांच्यापर्यंत कशी पोचेल तेवढं बघा.

सलोख्याच्या कामात अपयश येतं, त्याचीही तयारी हवी. नायजेरियातल्या कदुना शहरात पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशफा हे एकेकाळी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांत होते. वुये यांनी त्या लढाईत हात गमावला, अशफा यांनी आपले गुरू आणि दोन भाऊबंद. सूड सोडून १९९५ मध्ये दोघांनी मिळून मध्यस्थीची संस्था काढली. त्यांच्या प्रयत्नांतून ऑगस्ट २००२ मध्ये कदुनातल्या धर्मनेत्यांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरात पुन्हा दंगल झाली आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. दोघांनी काम सोडलं नाही. वरच्यांच्या सह्यांबरोबर खाली गल्लीपर्यंत, शाळांतल्या पोरांपर्यंत माणसं घडवत राहिले.

पैसा

थोडक्यात सांगते, पण हे टाळू नका. खातं गटाच्या नावावर, सही दोन वेगळ्या धर्मांच्या व्यक्तींची. लहानात लहान देणगीचीही पावती. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद सगळ्या प्रार्थनास्थळांच्या फलकावर. एकाच देणगीदाराकडून निम्म्याहून जास्त पैसा येऊ देऊ नका, मग तो कितीही भला असो. देणगीबरोबर फलकावर नाव किंवा पक्षाचा माणूस येत असेल तर देणगी नम्रपणे परत करा.

पुढच्यांच्या हाती देताना

गट एका माणसाच्या खांद्यावर चालू लागला की तो माणूस आजारी पडला, बदली झाली किंवा रुसला, की सगळं थांबतं. म्हणून निमंत्रकाचं पद वर्षाने बदला आणि ओळीने वेगळ्या समाजाकडे जाऊ द्या. उपनिमंत्रक पहिल्या दिवसापासून बरोबर असावा, म्हणजे तो पुढचा निमंत्रक म्हणून तयार होतो. तरुणांना फक्त खुर्च्या मांडायला आणि फोटो काढायला बोलावलंत तर ते दुसऱ्यांदा येणार नाहीत. पाहणीचे तक्ते, नकाशे, अधिकाऱ्यांशी बोलणं यांतलं एखादं पूर्ण काम त्यांच्याकडे सोपवा आणि त्यांच्या निर्णयात ढवळाढवळ करू नका.

एक जाड फाइल ठेवा आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरी. तिच्यात सह्या केलेले नियम, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त (काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं पुरे), निवेदनांच्या पोच घेतलेल्या प्रती, अधिकाऱ्यांची नावं आणि कोण ऐकून घेतं कोण टाळतं याची नोंद, फोनची साखळी, हिशोब. फोन नंबर दर सहा महिन्यांनी लावून बघा, निम्मे बदललेले असतात. नवा निमंत्रक आला की जुन्याने ती फाइल त्याच्यासमोर उघडून एकेक कागद समजावून सांगावा, आणि ज्या दहा-बारा माणसांच्या जोरावर काम चालतं त्यांच्याकडे त्याला स्वतः घेऊन जावं. या भेटी झाल्याशिवाय जुन्या निमंत्रकाने पद सोडू नये.